दूरचें पान आणि दारचें कोठार



हातांतल्या फोनवर किंवा संगणकावर एखादें पान मागविलें म्हणजे तें डोळ्यांपुढें येईपर्यंत कांहीं वेळ जातो. त्या वेळाचा इतिहास मी आज आपणांस सांगणार आहें. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ह्या आपल्या उपनगरांतून आज विजेचें बिल, आगगाडीचें तिकीट, रक्ततपासणीचा अहवाल, मुलांचा निकाल हें सारें अशा पानांवाटेंच घरांत येतें. आणि दवाखान्याच्या बाकावर बसून ज्यानें एखाद्या अहवालाची वाट पाहिली आहे, त्याला पांच सेकंद म्हणजे काय हें मीं सांगण्याची गरज नाहीं.

पान उशिरां आलें कीं आपण म्हणतों, ‘लाइन मंद आहे.’ हें निदान अर्धेंच खरें आहे. रस्त्याची रुंदी निराळी आणि रस्त्याची लांबी निराळी. रुंदी वाढविली म्हणजे एका वेळीं अधिक गाड्या जातात. पण मोकळ्या रस्त्यावर मुंबईहून पुण्यास पोंचण्यास एका गाडीला जो वेळ लागतो, तो त्यामुळें कमी होत नाहीं. रुंदीचा प्रश्न पैशानें पुष्कळसा सुटला. लांबीचा प्रश्न पैशानें सुटण्यासारखा नव्हता, आणि माझी आजची हकीकत मुख्यतः त्या लांबीची आहे.

आरंभ आपल्याच दारापासून करूं. विलेपार्ल्याच्या पश्चिमेस, जुहूला, ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ नांवाची सरकारी संशोधनसंस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एका विभागांतून ती १९८५ सालीं निघाली, डॉ. श्रीनिवासन रमणी हे तिचे संचालक होते. १९८६ सालीं भारत सरकारनें संयुक्त राष्ट्रांच्या विकासकार्यक्रमाच्या साह्यानें ‘अर्नेट’ नांवाचें जाळें शिक्षण व संशोधन ह्यांकरितां आरंभिलें. त्यांतील आठ घटकांपैकीं दोन आपल्या उपनगरांतील होते: जुहूची ही संस्था आणि पवईची आय. आय. टी. १९९१ च्या जानेवारींत दिल्ली आणि मुंबई ह्यांमध्यें पहिली भाड्याची लाइन जोडली गेली. तिच्यावरून सेकंदास ९,६०० बिटें जात. १९९२ सालीं जुहूहून अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यापर्यंत सेकंदास ६४,००० बिटें वाहणारी जोडणी सुरू झाली. अर्नेटच्या लोकांना बाहेरचें जग दिसे तें ह्या खिडकींतून.

आतां थोडें अंकगणित करूं. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेंत तेंच शिकविलेल्या माणसास तेवढें जमतें. आठ बिटांचें एक अक्षर धरलें, तर ६४,००० बिटें म्हणजे सेकंदास ८,००० अक्षरें. एखादें छायाचित्र ४०,००० अक्षरांएवढें असलें तर त्यास पांच सेकंद लागणार, आणि तेंही त्या क्षणीं देशांतील दुसरा कोणी विद्वान् त्या खिडकीशीं उभा नसेल तर! पवईच्या एका विद्यार्थ्यानें हें चित्र पाहिलें आणि तासाभरानें शेजारच्या खोलींतल्या मुलानें तेंच मागविलें, तर तीं ४०,००० अक्षरें पुन्हां सातासमुद्रांपलीकडून यावयाचीं. हा अपव्यय कोणाच्याही डोळ्यांत भरण्यासारखा होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें. घरच्या टेलिफोनवरून जोडणी होई, यंत्र किंचाळे, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडून राही. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर नुसतीं अक्षरें दिसत, चित्रें नाहींत. दरम्यान समुद्रांतून कांचेच्या तंतूंच्या केबला आल्या: १९९४ सालीं ‘सी-मी-वी-२’ आणि १९९७ सालीं ‘फ्लॅग’ मुंबईस पोंचली. पुढें तर अंधेरीजवळचा वर्सोव्याचा किनारा हा देशांत शिरणाऱ्या अशा केबलांचा एक मोठा उंबरठाच होऊन बसला. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानें मुंबई आणि एडन ह्यांमध्यें समुद्रांतून तार टाकली, तेव्हां लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं असतील. आज वर्सोव्याच्या वाळूवर फिरावयास जाणाऱ्या मंडळींस आपल्या पायांखालून काय वाहत आहे ह्याची कल्पनाही नसते.

रुंदी अशी वाढली. लांबीचें काय? कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईहून व्हर्जिनिया सरळ रेषेनें सुमारें १३,००० किलोमीटर. जाऊन येऊन २६,०००. म्हणजे केवळ एका खेपेस सेकंदाचे तेरा शतांश गेले, आणि केबल कांहीं सरळ रेषेनें जात नाहीं. त्यांतून एका खेपेंत पान मिळत नाहीं. आधीं नांवावरून पत्ता विचारावयाचा, मग दोन्ही यंत्रांचा नमस्कार, मग गुप्ततेचीं बोलणीं, आणि त्यानंतर खरी मागणी. अशा चार खेपा धरल्या तर पहिलें अक्षर दिसण्यापूर्वींच अर्धा सेकंद संपला. प्रकाशास वेग वाढव म्हणून सांगतां येत नाहीं. कांहीं लांबी मात्र आपण स्वतःच ओढवून घेतली होती. अंधेरीचा मनुष्य एका कंपनीचा ग्राहक आणि बोरिवलीचा दुसऱ्या कंपनीचा, असें असलें म्हणजे अंधेरीचा निरोप पुष्कळदां परदेशची यात्रा करून बोरिवलीस येई. कारण ह्या कंपन्यांची गांठ तिकडेच पडे. ही गांठ देशांतल्या देशांत पडावी म्हणून २००३ सालीं ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ ही संस्था निघाली.

उरलेल्या लांबीवर युक्ति एकच होती: मूळ पान दूरच राहूं द्यावें आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. मुंबईकरास ही कल्पना नवी नाहीं. विहार तलावाचें पाणी १८६० च्या सुमारास शहरांत आलें, आणि १८८० नंतर मलबार टेकडीवर व भंडारवाड्यास जलाशय बांधण्यांत आले. आज शहापूर तालुक्यांतल्या भातसा धरणाचें पाणी भांडुपला शुद्ध होऊन येतें, परंतु नळ सोडणारा मनुष्य धरणाची वाट पाहत बसत नाहीं. पाणी आधींच जवळच्या जलाशयांत आलेलें असतें. उपमा येथवर ठीक आहे. पुढें दोन ठिकाणीं ती मोडते. पाणी दिलें कीं सरतें. प्रत लाख वेळां दिली तरी सरत नाहीं. उलट पाणी दोन दिवस सांठून राहिलें तरी तें पाणीच असतें. प्रत शिळी झाली कीं खोटी होते. ह्या दुसऱ्या फरकानें पुढचे सारे घोटाळे केले आहेत.

अशा कोठारास इंग्रजींत ‘कॅश’ म्हणतात. रोख पैशाशीं त्याचा संबंध नाहीं. फ्रेंच भाषेंतील ‘लपविणें’ ह्या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द आला आहे. वेबच्या पानांसाठीं अशीं कोठारें प्रथम नांवारूपास आलीं तीं, वेब जेथें जन्मलें त्याच जिनीव्हाच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेंत. १९९४ च्या मे महिन्यांत तेथें वेबविषयीं पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तींत आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस ह्यांनीं ‘प्रॉक्सी’वर निबंध सादर केला. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. संस्थेंतील सर्वांनीं आपली मागणी मुखत्याराकडे द्यावी, त्यानें बाहेरून पान आणावें, एक प्रत आपल्यापाशीं ठेवावी, आणि दुसऱ्यानें तेंच मागितलें तर दारांतूनच काढून द्यावें. आपल्याकडील शिक्षणसंस्थांतही पुढें अनेक वर्षें विद्यार्थ्यांस असाच मुखत्यार गांठावा लागे.

हा झाला ग्राहकांचा मुखत्यार. अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडो ह्या विद्यापीठांतील मंडळींनीं ‘हार्वेस्ट’ नांवाच्या योजनेंत असेंच एक कोठार बांधलें होतें. त्यांस असें दिसलें कीं हाच मुखत्यार उलटा बसवितां येतो: ग्राहकाच्या दारांत न बसवितां विक्रेत्याच्या दारांत बसवावा. १९९६ सालीं त्यांनीं ही गोष्ट आपल्या निबंधांत मांडली, आणि त्याच साळींतून ड्युएन वेसेल्स ह्यांचा ‘स्क्विड’ हा प्रोग्राम निघून जगभर फुकट वांटला गेला. विक्रेत्याच्या ह्या मुखत्यारास ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ म्हणतात. हलवायाच्या दुकानांत प्रत्येक गिऱ्हाइकागणिक कोणी भट्टीपाशीं धांवत नाहीं. पेढ्यांचें ताट पुढेंच मांडलेलें असतें. आणि एकदां ताट पुढें आणलें, तर तें दादरच्याच दुकानांत कां? ठाण्यास, पुण्यास, जगांत सर्वत्र कां नसावें? १९९८ सालीं मॅसॅच्युसेट्समधील गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनिएल ल्यूइन ह्यांनीं नेमक्या ह्याच कामाकरितां ‘अकामाय’ कंपनी काढली. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर जें पहिलें विमान आदळविलें गेलें, त्यांत ल्यूइन होता. तो अवघा एकतीस वर्षांचा होता. त्याच दिवशीं बातम्यांच्या वेबसाइटांवर साऱ्या जगाची झुंबड उडाली, आणि तो भार त्याच्या कंपनीच्या कोठारांनीं उचलला.

आज अशीं ताटें आपल्या शेजारीं मांडलेलीं आहेत. अंधेरी पूर्वेस चांदिवलीला संगणकांनीं भरलेल्या मोठ्या इमारती आहेत. तेथें ठेवलेली प्रत साकीनाक्याच्या घरास मिळावयाची म्हणजे जाण्यायेण्याचें अंतर सेकंदाच्या सहस्रांशाच्या हिशेबांत येतें.

मग पान तरीही उशिरां कां येतें? माझ्या मतें ह्या इतिहासाचा सर्वांत बोधप्रद भाग येथून पुढें आहे. मुखत्यार बसविला म्हणजे तो काम करतोच असें नाहीं. तो दारांत बसतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकरितां भट्टीपाशीं धांवतो, असें वारंवार घडलें आहे. ह्याचें निदान करणारे लोक प्रथम एक आंकडा मागतात: शंभर मागण्यांपैकीं किती कोठारांतून भागल्या? समजा नव्वद भागल्या. खटपट करून पंचाण्णव केल्या. आपण म्हणाल, पांचानें काय होतें? पण भट्टीकडे पूर्वीं दहा जात, आतां पांच जातात. मागच्या यंत्राचा भार निम्मा झाला. वर्गांत पंचाण्णव गुण मिळविणाऱ्या मुलाला नव्वदवाल्यापेक्षां थोडाच अधिक हुशार समजणारे पालक मीं पुष्कळ पाहिले. चुका निम्म्या केल्या हें त्यांच्या लक्षांत येत नसे.

आंकडा कमी निघाला तर दोष बहुधा ओळखचिठ्ठींत सांपडतो. वेबसाइट येणाऱ्या प्रत्येकास ‘कुकी’ नांवाची एक चिठ्ठी चिकटविते. मागणीबरोबर चिठ्ठी दिसली कीं सावध मुखत्यार म्हणतो, हें पान ह्या माणसाचें खाजगी असेल, प्रत द्यावयाची नाहीं, आंत विचारून येतों. पान सर्वांस सारखेंच असलें तरी तो जातो. दुसरा दोष पत्त्याच्या शेपटीचा. ही जाहिरात कोणी पाठविली, हा दुवा कोठून आला, असलीं टिपणें पत्त्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह देऊन जोडलेलीं असतात, आणि मुखत्यार बिचारा पत्ता अक्षरशः वाचतो. हजेरीपटावर एकाच मुलाचें नांव चाळीस तऱ्हांनीं लिहिलें तर शिक्षकास चाळीस मुलें वाटतील, तसें त्याचें होतें. तिसरा दोष मालकाच्या भीतीचा. प्रत किती वेळ ठेवावी हें पानाबरोबर लिहून देण्याची नीट सोय १९९७ सालच्या नियमांनीं झाली. पण पुष्कळ मालक भीतीपोटीं सगळ्याच पानांवर ‘ठेवूं नये’ असें लिहितात, अगदीं बोधचिन्हाच्या चित्रावरसुद्धां.

चौथा दोष गर्दीचा आहे, आणि तो मीं शाळेंत असतांना जवळून पाहिला. दहावीच्या परीक्षेस आपल्या राज्यांत पंधरा लक्षांच्या आसपास विद्यार्थी बसतात, आणि निकाल जाहीर होण्याची घटका सर्वांची एक. मुलुंडला आमच्या शाळेच्या कार्यालयांत एका वर्षीं अशीच मुलें जमलीं होतीं. निकाल दाखविणारी एक वेबसाइट उघडेना. पडद्यावर तें लहान चाक फिरत राहिलें. एका मुलीची आई दुसऱ्याच्या घरीं स्वयंपाकाचें काम करी. तिचा दर पांच मिनिटांनीं फोन येई आणि मुलगी दर वेळीं ‘अजून नाहीं’ एवढेंच सांगे. आतां पाहा, प्रत्येकाचे गुण निराळे, त्यांची प्रत आधींपासून दारांत ठेवतां येणार नाहीं, हें कबूल. परंतु जेथें बैठक क्रमांक लिहावयाचा तें पहिलें कोरें पान साऱ्या पंधरा लक्षांस एकच होतें, आणि आमच्यापुढें अडलें होतें तेंच. कोठारांतल्या प्रतीची मुदत संपली कीं त्या क्षणीं आलेले हजारों लोक एकदम भट्टीकडे धांवतात. भट्टी दबते, उत्तर लांबतें, लोक पुन्हां पुन्हां बटण दाबतात, आणि प्रत्येक दाब म्हणजे नवें गिऱ्हाईक. ह्यावरचा उपाय शाळेंतल्या पाण्याच्या नळावर लावतात तोच: एकानें आंत जावें, बाकीच्यांनीं दारांत थांबावें, त्यानें आणलेली प्रत सर्वांनीं घ्यावी. आजच्या मुखत्यारांस ही शिस्त शिकविलेली असते. कित्येक ठिकाणीं ती मागून चालूं करावी लागते.

कधीं दोष मुखत्याराच्या घडणींतच असतो. नॉर्वेंत ‘व्हेर्देन्स गांग’ नांवाचें मोठें वृत्तपत्र आहे. त्याच्या वेबसाइटपुढें ‘स्क्विड’ चालविणारे बारा संगणक होते. २००६ सालीं डेन्मार्कच्या पोल-हेनिंग काम्प ह्यांनीं ‘व्हार्निश’ हा नवा मुखत्यार घडविला, आणि बारांचें काम तीन संगणकांवर आलें. काम्प ह्यांचें म्हणणें असें कीं जुना प्रोग्राम स्मरणांतल्या वस्तु तबकडीवर हलवीत बसे, आणि तेंच काम संगणकाची मूळ व्यवस्थाही आपल्या परीनें करीत असे. एकाच दप्तरखान्यांत दोन कारकुनांनीं एकच गठ्ठा आळीपाळीनें इकडून तिकडे नेण्यासारखें तें होतें. काम्प ह्यांनीं एका कारकुनास घरीं बसविलें.

घाबरट मुखत्याराची आतांपर्यंत मीं थट्टा केली. आतां त्याची बाजूही मांडतों. २५ डिसेंबर २०१५ रोजीं, नाताळच्या गर्दींत, अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ ह्या खेळांच्या दुकानावर कोणी खोट्या मागण्यांचा भडिमार केला. भार हलका करण्यासाठीं कोठार चालविणाऱ्यांनीं घाईनें नवा नियम लावला, आणि त्यांत चूक राहिली. ओळख पटवून आलेल्या गिऱ्हाइकांचीं खाजगी पानेंही कोठारांत पडलीं व भलत्यांस दिलीं गेलीं. कोणास दुसऱ्याचा पत्ता दिसला, कोणास दुसऱ्याची खरेदी. सुमारें ३४,००० लोकांची माहिती अशी उघडी पडली असावी, असें कंपनीनें स्वतः सांगितलें. पान दोन सेकंद उशिरां आलें तर मनुष्य चरफडतो आणि विसरतो. शेजाऱ्याच्या तपासणीचा अहवाल माझ्या हातीं आला तर मी त्या दवाखान्याची पायरी पुन्हां चढणार नाहीं, आणि शेजारीही चढणार नाहीं. वेगाच्या नादानें चिठ्ठ्या सरसकट फाडून टाकणारा दुरुस्तीवाला मला म्हणूनच आवडत नाहीं. कोणतें पान सर्वांचें आणि कोणतें एकाचें, ह्याची यादी त्यानें आधीं करावी आणि मग हात घालावा.

शिळ्या प्रतीचेंही तसेंच. ती नेहमींच वाईट असते असें नाहीं. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांत ‘फ्लॅग’ आणि ‘सी-मी-वी-४’ ह्या दोन्ही केबला तुटल्या, आणि पश्चिमेकडे जाणारी आपली निम्म्याच्या आसपास वाट बंद झाली. मुंबईंतल्या कचेऱ्यांतून त्या आठवड्यांत परदेशचीं पानें उघडतां उघडत नव्हतीं. अशा वेळीं मुखत्याराजवळ कालची प्रत असेल तर त्यानें ती द्यावी कीं हात वर करावे? २०१० सालीं ह्याविषयीं नियम लिहिला गेला: मालकाची परवानगी असेल तर, मूळ घर उत्तर देत नसतांना, ठरलेल्या मुदतीपर्यंत शिळी प्रत द्यावी, किंवा शिळी प्रत तत्काळ देऊन मागाहून ताजी आणून ठेवावी. बातम्यांच्या पानास हें चालेल. शेअरच्या भावास किंवा गाडींतल्या रिकाम्या जागांस चालणार नाहीं.

आणि मुखत्यारच कोसळला तर? ८ जून २०२१ रोजीं ‘फास्टली’ ह्या कंपनीच्या एका ग्राहकानें आपल्या मांडणींत एक साधा, कायदेशीर बदल केला. त्यानें प्रोग्राममधील एक दडलेला दोष जागा झाला, आणि तिच्या जाळ्याचा ८५ टक्के भाग चुकीचीं उत्तरें देऊं लागला. ब्रिटिश सरकारची वेबसाइट आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ हीं तासभर अडलीं. मूळ घरें शाबूत होतीं. दारें बंद होतीं.

निदानाचें काम आतां पूर्वींपेक्षां सोपें झालें आहे. पानाबरोबर ‘एज’ नांवाचें एक टिपण येऊं शकतें. प्रत मूळ घरून निघून किती सेकंद झाले हें तें सांगतें. २०२२ च्या जूनमध्यें आणखी एक नियम प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें वाटेंतील प्रत्येक मुखत्यार ‘मीं हें कोठारांतून दिलें’, ‘मला आंत जावें लागलें, कारण मुदत संपली होती’, असें आपल्या नांवानिशीं लिहून ठेवूं शकतो. हीं टिपणें पडद्यावर आपोआप दिसत नाहींत, पण ब्राउझरमध्यें उघडतां येतात. काल रात्रीं मीं नातवाकडून एका बातमीच्या पानाचीं उघडवून घेतलीं. ‘एज’ पुढें ४१ हा आंकडा होता. म्हणजे माझ्यापुढें आलेली ती प्रत मूळ घराबाहेर पडून एकेचाळीस सेकंद झाले होते. तेवढ्या अवधींत मूळ बातमी बदलली असती, तर तें मला कळलें नसतें.